डॉक्टर, एकदा हात लावून बघा न!

वाचकांचे प्रश्न, फॅमिली डॉक्टरची उत्तरं

या वेळी आलेल्या मेसेजमध्ये एकच गाऱ्हाणं पुन्हा पुन्हा दिसलं, डॉक्टर बघत नाही, हात लावत नाही, फोनवरच उरकतो, नाहीतर मान वर न करता टेस्ट लिहून देतो. मी ३६ वर्षं नागपूरच्या महाल भागात दवाखाना चालवला, त्यामुळे हे वाचून मला वाईट वाटतं. पण डॉक्टर चांगला की वाईट एवढ्यावर हा विषय संपत नाही, त्याच्याकडे पैसा कोणत्या वाटेने येतो हे समजलं की बऱ्याच गोष्टी उलगडतात, म्हणून यावेळी त्याच प्रश्नांना जागा देते.

प्रश्न (मानेवाडा): डॉक्टर मॅडम, माझी मुलगी मागच्या सप्टेंबरपासून इंग्लंडात लेस्टरला एमएस्सी करून राहिली. मधे दोन दिवस तिचं पोट दुखत होतं. तिकडे म्हणे सकाळी बरोबर ८ वाजता दवाखान्यात फोन लावायचा असतो, हिने लावला तर रांगेत पंचविसावा नंबर, मग म्हणे ऑनलाइन फॉर्म भरा, मग दुपारी कोणाचा तरी फोन आला, ५ मिनिटं बोलले न अ‍ॅसिडिटीची गोळी लिहून दिली. पोटाला हातच नाही लावला. आता बरी आहे ती, पण व्हिसाच्या वेळी आम्ही हेल्थचे वर्षाचे ७७६ पाउंड भरलेत. एवढे पैसे घेऊन समोरासमोर काहून बघत नाहीत? फोनवर उरकलं की त्यांना जास्त पैसे मिळतात का?

उत्तर: ताई, मुलगी बरी आहे हे वाचून जीव भांड्यात पडला. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, नाही, फोनवर बोललं काय न समोर झोपवून पोट दाबून बघितलं काय, तिकडच्या फॅमिली डॉक्टरला, म्हणजे जीपीला, पैसे तेवढेच मिळतात. आणि तुम्ही भरलेले ७७६ पाउंड त्या डॉक्टरच्या हातात जात नाहीत, तो सरकारचा सरचार्ज आहे, सरकारकडे जमा होऊन एनएचएसच्या, म्हणजे तिकडच्या सरकारी आरोग्यसेवेच्या, एकूण खर्चात जातो. स्टुडंटला ७७६, नोकरीवाल्याला १,०३५, फेब्रुवारी २०२४ पासून हाच रेट आहे.

आता जीपीचं कसं चालतं ते बघा. आपली पोरं बाहेरगावी शिकायला गेली की महिन्याची मेस लावतात न, तसं आहे. महिन्याचे पैसे ठरलेले, तुम्ही रोज जेवा की चार दिवस गावाला जा. इंग्लंडात प्रत्येक माणूस एका दवाखान्यात नाव नोंदवतो आणि त्या नावामागे सरकार दवाखान्याला वर्षाची ठरलेली रक्कम देतं, २०२५-२६ मध्ये ही मूळ रक्कम डोक्यामागे १२० पाउंडच्या आसपास होती. तो पेशंट वर्षातून एकदाही आला नाही तरी तेवढीच न वीस वेळा आला तरी तेवढीच. फक्त सगळी डोकी सारखी मोजत नाहीत, कार-हिल नावाचा एक फॉर्म्युला आहे, त्यात वय, स्त्री की पुरुष, आजारपण, खेडं की शहर, असं बघून प्रत्येकाला वजन लावतात, म्हणजे त्याच्या नावामागची रक्कम कमी-जास्त धरतात. म्हाताऱ्या माणसाचं वजन जास्त, तान्ह्या बाळाचं जास्त, तरुण पोराचं कमी, नवीनच नाव नोंदवलेल्याला पहिल्या वर्षी थोडं जास्त. गरीब वस्तीतल्या दवाखान्यांची तक्रार आहे की गरिबीने येणारं आजारपण या वजनात नीट धरलंच जात नाही, आणि मला ती तक्रार रास्त वाटते. २०२५ मध्ये तिथल्या सरकारने हा फॉर्म्युला पुन्हा तपासायचं कबूल केलंय.

या मूळ रकमेशिवाय वर थोडे पैसे कामगिरीचे मिळतात, म्हणजे किती डायबिटीसवाल्यांची शुगर ताब्यात आहे, किती जणांचं बीपी मोजलं, त्याचे पॉइंट न पॉइंटचे पैसे, ही पद्धत २००४ पासून आहे. हे सगळे पैसे दवाखान्याच्या खात्यात येतात, त्यातून रिसेप्शनिस्ट, नर्स, पगारी डॉक्टर, वीजबिल, सगळं भागवायचं आणि जे उरलं ती पार्टनर डॉक्टरांची कमाई. लोकांना वाटतं तिकडचे जीपी म्हणजे सरकारी नोकर, पण ५ जुलै १९४८ ला एनएचएस सुरू झाली तेव्हाच फॅमिली डॉक्टरांनी सरकारी पगारावर यायला नकार दिला होता, तेव्हापासून ते कंत्राटावरच काम करतात.

मग अडतं कुठे? मेसचंच उदाहरण पुढे नेते. जेवणारे वाढत गेले, स्वयंपाकी तेवढेच राहिले किंवा एखादा कमीच झाला, तर काय होईल? २०१५ ते २०२४ या काळात इंग्लंडात दवाखान्यांच्या यादीत लाखो माणसं वाढली, पण पूर्ण शिकून तयार झालेले जीपी पूर्णवेळाच्या हिशेबाने वाढलेच नाहीत, थोडे कमीच झाले. त्यात २०१९ पासून सरकारने जो जास्तीचा पैसा दिला तो फार्मासिस्ट, फिजिओथेरपिस्ट, पॅरामेडिक अशा लोकांच्या पगारासाठी बांधून दिला, त्यातून जीपी नेमायची परवानगी ऑक्टोबर २०२४ मध्ये मिळाली. म्हणजे एकीकडे डॉक्टर बेकार बसलाय न दुसरीकडे पेशंट रांगेत आहे असंही त्या काळात झालं. हा निर्णय मला अजिबात पटला नाही, फार्मासिस्ट हवेतच, पण पोट तपासायला डॉक्टरच लागतो. तुमच्या मुलीला फोन करणारा माणूस डॉक्टरच होता का हेही तिला विचारा, तो फार्मासिस्टही असू शकतो आणि विचारलं तर ते सांगतात.

कोविडच्या आधी तिथे १०० पैकी ८० च्या आसपास अपॉइंटमेंट समोरासमोर व्हायच्या. एप्रिल २०२० मध्ये त्या निम्म्याच्याही खाली आल्या, आता ६०-६५ च्या आसपास आहेत. मे २०२१ मध्येच एनएचएसने सगळ्या दवाखान्यांना कळवलं की पेशंटला समोर यायचं असेल आणि वैद्यकीय कारणाने त्यात अडचण नसेल तर त्याची इच्छा मानायची. म्हणून मुलीला सांगा, फॉर्ममध्ये किंवा फोनवर स्पष्ट म्हणायचं, मला समोर तपासून घ्यायचंय. आणि "आज फुल आहे, उद्या फोन करा" असं सांगून ते तिला परत पाठवू शकत नाहीत, २०२३ पासून त्यांच्या कंत्राटातच आहे की पहिल्याच संपर्कात पुढे काय करायचं ते सांगायचं. १ ऑक्टोबर २०२५ पासून ऑनलाइन फॉर्मही दिवसभर, सकाळी ८ ते संध्याकाळी साडेसहापर्यंत उघडा ठेवायचाय, त्यामुळे पहाटे उठून आठच्या ठोक्याची वाट बघायची गरज तशी राहिली नाही.

अजून दोन गोष्टी. लघवीला जळजळ, घसा, सायनस अशा ठरावीक त्रासासाठी जानेवारी २०२४ पासून तिकडचा केमिस्ट स्वतःच तपासून औषध देऊ शकतो, अपॉइंटमेंट लागत नाही, तरुण मुलींना याचा फार उपयोग होतो. पण पोटाचं दुखणं बेंबीपाशी सुरू होऊन उजवीकडे खाली सरकलं, ताप आला, उलट्या झाल्या, चालताना कळ आली, तर फॉर्म वगैरे काही नाही, १११ ला फोन किंवा सरळ इमर्जन्सीत जायचं. १११ फुकट आहे, रात्रीबेरात्री चालू असतो. अपेंडिक्स फोनवर कळत नाही ताई, बोटांनाच कळतं.

प्रश्न (इतवारी): आमचे जुने फॅमिली डॉक्टर दोन वर्षांपूर्वी वारले. मुलं म्हणतात आता फॅमिली डॉक्टर वगैरे काही राहिलं नाही, जे दुखतं त्याच्या स्पेशालिस्टकडे जा. मेडिक्लेम आहे. पण सर्दी-तापाला पण ५००-६०० रुपये फी न वर टेस्ट. आपल्याकडे फॅमिली डॉक्टरला कोण पोसतं?

उत्तर: काका, तुम्ही पोसता. आपल्याकडे तुमच्या खिशातून निघालेली नोट हाच फॅमिली डॉक्टरचा पगार, बाकी कोणी त्याला काही देत नाही, आणि हे नीट समजून घेतलं पाहिजे.

तुमचा मेडिक्लेम साधारणपणे ॲडमिट झाल्यावरच कामाला येतो. महात्मा फुले जनआरोग्य योजना आता राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना आहे, वर्षाला ५ लाखांपर्यंत, फार मोठी गोष्ट आहे ती, पण तीसुद्धा हॉस्पिटलमधल्या उपचारांसाठी आहे, दवाखान्यात बसून बीपी तपासून घेतलं तर त्यातून एक रुपयाही मिळत नाही. म्हणजे सरकारचा न विमा कंपनीचा सगळा पैसा खाटेपाशी येतो, स्टेथोस्कोपपाशी येतच नाही. मग लोक काय करतात, साधी तपासणी करायची तरी क्लेम मिळावा म्हणून एक रात्र ॲडमिट होतात. मी किती तरी पेशंटना यावरून रागावलेय, पण त्यांचंही काय चुकतं, पैसा जिकडे मिळतो तिकडेच माणूस जाणार.

देशाच्या आरोग्यावरच्या एकूण खर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, सरकारी हिशेबाप्रमाणे २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्क्यांवर आला. कमी झाला हे चांगलंच आहे. पण जे अजून खिशातून जातं ते मोठ्या ऑपरेशनपेक्षा या रोजच्या फीमध्ये, गोळ्यांमध्ये, टेस्टमध्ये झिरपत जातं, आणि त्याचा हिशेब घरात कोणी ठेवत नाही.

मी १९८४ मध्ये दवाखाना उघडला तेव्हा ५ रुपये घ्यायचे, औषधासकट. काचेच्या बाटलीत मिक्स्चर, बाटलीला कागदाची खाचांची पट्टी चिकटवलेली, आणि पुड्या. ज्याच्याजवळ नसायचे त्याचं वहीत लिहायचं, पोळ्याला नाहीतर दिवाळीला देऊन जायचे, काही जण संत्र्याची पेटी आणून ठेवायचे. ते दिवस सोन्याचे होते असं मी म्हणणार नाही, कारण त्या पद्धतीतही खोट होती. पेशंट आला तरच पैसा, म्हणून दोनदा बोलवायचं, गरज नसताना सुई टोचायची, ताकद यावी म्हणून सलाईन लावायचं, हे माझ्या आजूबाजूला मी रोज बघितलं. पेशंटलाही सुई टोचल्याशिवाय पैसे वसूल झाल्यासारखे वाटायचे नाहीत. आणि त्याहून वाईट म्हणजे कट. फी कमी ठेवायची न लॅबकडून, स्पेशालिस्टकडून वाटा घ्यायचा. डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेत कमिशन घेणं-देणं दोन्ही बंद आहे, महाराष्ट्रात २०१७ मध्ये कट प्रॅक्टिसविरुद्ध वेगळ्या कायद्याचा मसुदाही झाला होता, पण कायदा झाला नाही. मला याची चीड आहे, आजही आहे. १०० रुपये फी घेऊन २ हजारांच्या टेस्ट लिहिणाऱ्या डॉक्टरपेक्षा ४०० रुपये घेऊन पंधरा मिनिटं तुमचं ऐकणारा, जीभ बघणारा, पोट दाबणारा डॉक्टर स्वस्त पडतो काका, हे मी अगदी हिशेब करून सांगते.

म्हणून मुलांना सांगा, आधी फॅमिली डॉक्टर शोधायचा, मग गरज पडली तर त्यानेच स्पेशालिस्टचं नाव द्यायचं. घराजवळ एमबीबीएस बघा, फॅमिली मेडिसिन केलेला मिळाला तर उत्तमच. बरे असताना एकदा जाऊन या, घरच्या सगळ्यांची फाइल उघडा, आणि टेस्ट लिहिली की विचारा, या टेस्टने औषध बदलणार आहे का? चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही. पैशाची अडचण असेल तर महापालिकेची आरोग्य केंद्रं आहेत, 'आपला दवाखाना' नावाचे सरकारी दवाखाने आहेत, तिथे फी नाही. आणि तुमच्या घरात साठीच्या पुढचं कोणी मेडिक्लेमशिवाय असेल न इन्कम टॅक्स जुन्या पद्धतीने भरत असाल, तर त्यांच्या औषधपाण्याच्या खर्चावर ५० हजारांपर्यंत सूट मिळते, डॉक्टरची फीसुद्धा त्यात येते, फक्त रोख देऊ नका न पावती सांभाळून ठेवा.

प्रश्न (हिंगणा एमआयडीसी): मॅडम, कंपनीत ईएसआय, म्हणजे कामगार विमा, कटते. माझे पॅनेलवाले डॉक्टर एका मिनिटात चिठ्ठी लिहून देतात, बोलू पण देत नाही. फुकट आहे म्हणून असं करतात का?

उत्तर: भाऊ, पहिली गोष्ट, फुकट नाही. तुमच्या पगारातून ०.७५ टक्के जातात, मालक ३.२५ टक्के भरतो. २१ हजारांपर्यंत पगार असणाऱ्यांसाठी ही योजना आहे आणि बायको-पोरंही त्यात येतात. तुम्ही हक्काने जायचं, उपकार म्हणून नाही.

वर मानेवाड्याच्या ताईंना जे मेसचं सांगितलं तेच तुमच्या पॅनेल डॉक्टरचं आहे. ईएसआयचा कायदाही १९४८ चाच, एनएचएसच्याच वर्षीचा. पॅनेल डॉक्टरला तुमच्या नावामागे वर्षाची ठरलेली रक्कम मिळते, तुम्ही कितीही वेळा गेले तरी. या पद्धतीत डॉक्टरला उगाच टेस्ट लिहायचा मोह होत नाही हा मोठा गुण, पण प्रत्येक पेशंट लवकर उठला तर बरा असं वाटायला लागतं हा दोष. रक्कम तुटपुंजी असेल आणि यादी लांब, तर चांगला माणूसही घाई करतो. तरी एका मिनिटात तपासणी होत नाही, हे मी डॉक्टर म्हणून सांगते. बसल्याबसल्या पहिल्या वाक्यात मुख्य त्रास सांगा, किती दिवसांपासून ते सांगा, आणि म्हणा, एकदा तपासून घ्या न साहेब. तरीही तसंच चाललं तर डॉक्टर बदलून मागता येतो, अर्ज करा. सोमवारी पेठेत राज्य कामगार विमा रुग्णालय आहेच, तिथली चिठ्ठी मागायलाही संकोच करू नका.

प्रश्न (प्रतापनगर): आम्ही दोघं मे महिन्यात मुलाकडे लंडनला तीन महिने चाललो. तिकडे ताप आला तर जीपी बघेल का, की विमाच काढावा?

उत्तर: दोन्ही. जीपीची तपासणी पाहुण्यांनाही फुकट आहे, तात्पुरतं नाव नोंदवता येतं आणि नाव नोंदवताना पत्त्याचा किंवा व्हिसाचा पुरावा दाखवायची सक्ती नाही. इमर्जन्सी विभागातली तपासणीही फुकट. पण ॲडमिट झाले की व्हिजिटरकडून एनएचएस आपल्या दराच्या दीडपट पैसे घेते, त्यामुळे विम्याशिवाय विमानात बसू नका, आणि आधीपासूनचा बीपी-शुगर विम्याच्या फॉर्ममध्ये लपवू नका. इंग्लंडात लिहून दिलेल्या प्रत्येक औषधामागे ९.९० पाउंड लागतात, साठीच्या वर असाल तर तेही नाहीत. तीन महिन्यांच्या गोळ्या इथूनच न्या, चिठ्ठीसकट, आणि हँडबॅगेत ठेवा.

प्रश्न (धरमपेठ): मी पुण्याला असते, आई नागपूरला एकटी. तिचं बीपीचं औषध मी अ‍ॅपवर व्हिडिओ कॉल करून लिहून घेते. ते बरोबर आहे का? ती म्हणते डॉक्टरने हात लावल्याशिवाय मला बरं वाटत नाही.

उत्तर: तुझी काळजी समजते ग, आणि तू करतेस ते बेकायदेशीर नाही. २५ मार्च २०२० ला टेलिमेडिसिनचे नियम आले, त्यात चालू असलेल्या आजाराची तीच गोळी पुन्हा लिहून देता येते. डॉक्टरने नाव न रजिस्ट्रेशन नंबर दाखवायला पाहिजे, नीट चिठ्ठी द्यायला पाहिजे, आणि झोपेच्या-नशेच्या ठरावीक गोळ्या अशा कॉलवर लिहिता येत नाहीत. फोनवर पुरेसं कळत नाही असं वाटलं तर डॉक्टरने सांगायचं, समोर या. तुम्हीही मधेच थांबून म्हणू शकता, आम्हाला समोर दाखवायचंय.

पण आई म्हणते ते खोटं नाही. मी माझंच सांगते. एप्रिल २०२०, लॉकडाऊन, आमच्याच गल्लीतल्या एका आजोबांचा फोन आला, पाठीत एका बाजूला आग होऊन दुखतं म्हणे. मी विचारलं काही उचललं का, ते म्हणाले पाण्याची बादली उचलली होती, मी स्नायू आखडला समजून गोळी सांगितली. चौथ्या दिवशी त्यांचा मुलगा त्यांना घेऊन आला, बनियान वर केलं तर पाठीवरून पोटापर्यंत नागीण उठलेली, फोड भरलेले. नागिणीचं औषध पहिल्या ७२ तासांत दिलं तर सगळ्यात चांगलं लागू पडतं. ते तास माझ्या फोनवर गेले. बनियान वर करायला मला दोन सेकंदं लागली असती. त्यांना पुढे कित्येक महिने त्या जागी कळा येत राहिल्या, आणि दर वेळी ते मलाच सांगायला यायचे, मी मान खाली घालून ऐकायची.

तर असं कर, चालू औषध पुन्हा लिहून घ्यायला व्हिडिओ वापर, पण दर तीन महिन्यांनी आईला धरमपेठेतच जवळच्या एका ठरलेल्या डॉक्टरकडे समोर दाखव. बीपी दोन्ही हातांना बघायला सांग, उभं राहिल्यावरचंही, पाय दाबून सूज बघायला सांग. वर्षातून एकदा किडनी न सोडियम-पोटॅशियमची रक्ततपासणी. घरी मशीन असेल तर वहीत तारीख-वेळेसकट आकडे लिहायला सांग आणि वही सोबत दे. आणि मधेच चक्कर आली, पाय सुजले, रात्री आडवं पडल्यावर धाप लागली, तर अ‍ॅप उघडत बसू नको, शेजारच्यांना फोन कर न आईला लगेच दवाखान्यात न्यायला सांग. त्यांचा नंबर आजच घेऊन ठेव.